तापीचा मुराळी

अखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती, मुराळी दारात येऊन बसला होता, आणि तरी आपल्याला माहेरी जायला मिळणार की नाही, हे शोभाबाईला ठाऊक नव्हतं.

मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला आलेला, तिचा धाकटा भाऊ शालिग्राम. आदल्या संध्याकाळी तो सुरतेला उतरला, विचारत विचारत गोडादऱ्यातल्या तिच्या खोलीपर्यंत आला, आणि चपला काढून जो उंबऱ्याशी बसला तो तिथंच. आत खाटेवर घरधनी काशिनाथ होता आणि त्याच्या तोंडून 'ये' असं काही निघालं नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो म्हणाला, "शोभा, त्याले विचार, पानी पेस का."

"ताई, दाजीले सांग, पिसू."

दोघांमध्ये अंतर कितीसं? काशिनाथने खाटेवरून पाय लांबवला असता तर मेव्हण्याच्या गुडघ्याला लागला असता. पण निरोप शोभाबाईच्या तोंडून गेल्याशिवाय पोचायचा नाही, असा नियम ठरून गेला होता. तांब्या हातात घेऊन ती मध्ये उभी राहिली, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

भांडण होतं एका टोपीचं. दोन उन्हाळ्यांमागं चुलतबहिणीच्या लग्नात मांडवात जावयांची रांग बसली होती. टोपी घालायचं काम शालिग्रामकडे. काशिनाथ पुढच्याच रांगेत, भांग नीट पाडून, डोकं जरासं पुढं करून बसलेला. उजवीकडच्याला टोपी मिळाली, डावीकडच्यालाही मिळाली, मधलं डोकं तसंच राहिलं. सगळ्या मांडवानं ते पाहिलं, निदान काशिनाथला तरी तसं वाटलं. तो पंगतीला न बसता उठला आणि एसटीच्या दिशेनं चालू लागला. जाताना म्हणाला, "या दारात आता माझा पाय नाही, आणि माझ्या घरच्यांचाही नाही."

तसा माणूस वाईट नव्हता. लूमच्या खडखडाटात आयुष्य घालवूनही घरात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. पगाराच्या दिवशी बायकोला मोगऱ्याचा गजरा आणायचा आणि शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून पिशवीत भाजीखाली दडवून आणायचा. पण त्याचा रुसवा म्हणजे कापडावरचा तेलाचा डाग, कितीही धुवा. त्या रुसव्यापायी शोभाबाईच्या दोन अखाज्या सुरतेतच गेल्या. गावात लिंबाला झोके बांधले गेले असतील, गौराई मांडली असेल, आमरसाची पातेली भरली असतील, माहेरवाशिणी झोक्यावर उभ्या राहून गात असतील. आणि ती इथं साड्यांचे लोंबते धागे कापत बसलेली. गाणी मात्र कुणाला अडवता येत नाहीत. कात्रीच्या ठेक्यावर ती आपली आपणच जुळवायची:

*झोका बांधला लिंबाला, एक दोर का गं सैल,*
*मधली लेक नाही आली, वाट बघे दारी बैल.*

सकाळी शालिग्रामनं पिशवीतून एक गाठोडं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. हिरवा खण, नारळ, मूठभर गहू, बांगड्या, हळद-कुंकू. "मायनं दिलं. तुले नही, तापीले."

"तापीले?"

"माय म्हने, आपल्या घरावरून ती रोज सासरी जाते. तिचं सासर शोभाच्या गावाले शे. आजपर्यंत तिची ओटी कोनी भरली का?"

शोभाबाईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं सुरतेत राहून तिनं समुद्र पाहिला नव्हता. तापी पाहिली होती, पुलावरून, बसच्या खिडकीतून, घाईघाईनं, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तशी.

"मामाने दरियो बताववा लई जईए!" पूजा टाळ्या पिटत ओरडली. पूजा त्यांची मुलगी, सहावीतून सातवीत गेलेली, घरात अहिराणी ऐकणारी आणि बोलताना गुजरातीत घसरणारी. "पप्पा, आज लाइट बंद छे ने? चला ना डुमसला, समुद्रावर!"

त्या दिवशी त्यांच्या भागात वीज बंद, म्हणजे कारखाना बंद. काशिनाथनं खोलीभर नजर फिरवली. या चार भिंतींत दिवसभर मेव्हण्यासोबत बसायचं, की मोकळ्या हवेत? त्यानं सदरा चढवला.

"पन त्याले सांग," तो म्हणाला, "फिराले जाऊ. बाकी काही विषय काढाचा नही."

बाकीचा विषय म्हणजे उद्या पहाटेची भुसावळ पॅसेंजर. ती चुकली की अखाजी चुकली. शोभाबाईनं डबा भरला: कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदे. ओटीचं गाठोडं तिनं शालिग्रामच्याच पिशवीत परत ठेवलं.

चौकात बस बदलायची होती. तिथं नदीकाठी जुना किल्ला उभा, जाड भिंतींचा, गोल बुरुजांचा. प्लेगच्या सालानंतर शहर असं काही धुऊन-पुसून निघालं होतं की किल्ल्यापुढचा रस्तासुद्धा नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा वाटत होता. शालिग्रामची छाती फुगली.

"ताई, दाजीले सांग, आपले महाराज इथं येऊन गेले."

"त्याले सांग," काशिनाथ नदीकडे बघत म्हणाला, "महाराजांनी शहर लुटलं. किल्ला नही घेतला. मी रोज इथून जातो, माले माहीत शे."

"सांग, घ्यायचाच नव्हता म्हनून नही घेतला!"

"तुम्ही दोघं थांबा," पूजा म्हणाली. "मला पेपरात आला होता हा प्रश्न. गोऱ्यांची मोठी गलबतं समुद्रावरच सुवाळी बंदरात थांबायची, नदी उथळ म्हणून. मग छोट्या होड्यांतून माल इथं यायचा. डच पण होते. सगळे होते. म्हणजे आपण एकटेच बाहेरून आलेलो नाही."

या शेवटच्या वाक्यावर दोघंही पुरुष एकदमच हसले, आणि दुसरा हसतोय हे कळताच दोघांनी हसू गिळलं. शोभाबाईनं ते पाहिलं. तिच्या मनात एक बारीकशी ज्योत लागली.

डुमसची बस ऊस आणि ताडांच्या रांगांमधून गेली. खिडकीतून खारट वारा यायला लागला. उतरल्यावर सुरूची झाडं, भजीच्या गाड्या, घोडेवाले, रंगीत छत्र्या. पूजा पुढं पळत गेली आणि कठड्याशी जाऊन थबकली. मागोमाग तिघं आले आणि तेही थबकले.

समोर समुद्र नव्हता.

काळी वाळू होती, नजर पोचेल तिथवर. काळी, ओली, चकाकणारी, जागोजाग चिखल, मधून वाकडेतिकडे ओहोळ, मध्येच वाळूचे उंचवटे. लांब, फार लांब आभाळाला चिकटून एक पांढरी रेघ. उजवीकडे नदीच्या मुखापलीकडे हजिऱ्याच्या कारखान्यांची धुराडी. पाणी म्हणून काही नव्हतं.

"ताई," शालिग्राम हळूच म्हणाला, "समुद्र कोठे शे?"

काशिनाथ पाहुण्याला समुद्र दाखवायला घेऊन आला होता आणि समुद्रानं ऐन वेळी तोंड लपवलं होतं. यजमानाचा असा अपमान त्यानं कधी ऐकलाही नव्हता. "त्याले सांग," तो पुटपुटला, "गेल्या वेळी होता."

वाळूतून एक कोळीण येत होती, खांद्यावर जाळं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पूजानं तिला विचारलं. म्हातारी खळखळून हसली. "ओट छे, बेन! दरियो एना घेर गयो छे. बपोर पछी पाछो आवशे."

"समुद्र त्याच्या घरी गेलाय," पूजानं सांगितलं. "दुपारनंतर येईल."

"घ्या," शोभाबाई म्हणाली. "समुद्रालाही माहेरी जायला मिळतं." आणि नवऱ्याकडे न बघता पदर खोचून वाळूत उतरली.

आता खान्देशातल्या माणसाला कोरडं पात्र दिसलं की तो काय करतो? उन्हाळ्यात तापी आटली की सगळं गाव वाळूत उतरतं, मधल्या उंचवट्यावर कांबळं अंथरून भाकरी सोडतं, वाळूत हातानं झिरा खणून पाणी पितं. नदीची वाळू म्हणजे घरचं अंगण. या चौघांनीही तेच केलं. चांगला रुंद, कोरडा उंचवटा बघून तिथं चादर टाकली. वाटेत घोट्याएवढा एक ओहोळ लागला तो हसत ओलांडला. जेवणं झाली. काशिनाथला ठेचा हवा होता. तो शालिग्रामच्या हाताशी होता. "शोभा, त्याले सांग, ठेचा." ठेचा शालिग्रामच्या हातातून शोभाबाईच्या हातात आणि तिथून काशिनाथच्या ताटलीत गेला. पूजा म्हणाली, "आपल्या घरी टेलिफोन नाही, पण मम्मी आहे."

जेवून दोघं पुरुष पाठीला पाठ करून आडवे झाले. पूजाला टोमॅटोची भजी हवी होती, डुमसला येऊन ती न खाल्ली तर मैत्रिणी काय म्हणतील? शोभाबाईला किनाऱ्यावरच्या दरिया गणेशाच्या पाया पडायचं होतं. मायलेकी काठाकडे निघाल्या.

देवापुढं हात जोडून तिनं फार काही मागितलं नाही. 'या दोघांचं बोलणं होऊ दे,' एवढंच. मग पूजा भजीच्या गाडीपुढं उभी राहिली. टोमॅटोच्या चकत्या, वर हिरवी चटणी, वर पीठ, कढईत टाकल्यावर असा काही चर्र आवाज. कागदातलं गरम भजं एका हातातून दुसऱ्या हातात उडवत दोघी कठड्याशी परत आल्या, आणि शोभाबाईचं भजं हातातच राहिलं.

समुद्र परत आला होता.

समोरून वाजतगाजत येण्याऐवजी तो चोरपावलांनी आला होता, मागच्या दारानं. ती लांबची पांढरी रेघ अजून बरीच लांब होती, पण येताना ओलांडलेला घोट्याएवढा ओहोळ आता भरून वाहत होता. त्याच्यापलीकडे उंचवटा, उंचवट्यावर चादर, चादरीवर दोन माणसं. दोन्ही जागी. दोन्ही पाण्याकडे बघत बसलेली. आणि दोन्ही पाठीला पाठ लावून.

"अहो!" शोभाबाई पाण्याच्या कडेपर्यंत धावली. "उठा ना आता!"

वाऱ्यावर काशिनाथचा आवाज आला. "त्याले सांग, आधी त्यानं उठाचं!"

मग शालिग्रामचा. "ताई, दाजीले सांग, मोठ्यांनी आधी!"

शोभाबाईनं कपाळावर हात मारला. पाणी चढतंय आणि हे मानपान करतायत! आधी कोण उठतं, म्हणजे आधी कोण नमतं. काशिनाथला पोहता येत नव्हतं, पाण्यात तो गुडघ्यापुढं कधी गेला नव्हता. ती आत पाऊल टाकणार इतक्यात मघाची कोळीण शेजारी येऊन उभी राहिली.

"गभराशो नहीं, बेन. हजी घूंटण जेटलुं ज छे." तिनं आपला गुडघा दाखवला. "पण बेसवानुं नहीं हवे. चालवानुं."

गुडघाभरच. चालत येता येईल, पण आत्ताच. शोभाबाईनं श्वास घेतला. पलीकडून पुन्हा हाक आली: "शोभा! सांगितलंस का त्याले?"

आणि तिच्या लक्षात आलं. दोन वर्षं ती या दोघांचा पूल होऊन उभी होती. पूल आहे म्हणून तर दोघांपैकी कुणालाच पाण्यात उतरावं लागत नव्हतं.

तिनं कानामागं हात नेला, मान हलवली आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, "ऐकू येत नाहीऽऽ!"

"मम्मी, मला तर सगळं ऐकू येतंय," पूजा म्हणाली.

"तू भजं खा."

पलीकडे काशिनाथ पुन्हा काहीतरी ओरडला. तिनं पुन्हा मान हलवली. शालिग्रामनं हातवारे केले. तिनं आभाळाकडे पाहिलं. पदराचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं की बांगडी मनगटात रुतत होती, पण ती हलली नाही. चादरीच्या टोकाला पाणी लागलं. मग ती दोन डोकी हळूहळू, जड दार उघडावं तशी, एकमेकांकडे वळली.

नंतर काय बोलणं झालं ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं. काशिनाथच्या म्हणण्याप्रमाणं तो म्हणाला, "चल रे, पोरा, घाबरू नको." शालिग्रामच्या म्हणण्याप्रमाणं दाजी म्हणाले, "शालिग्राम, माले पोहता येत नही." काठावरून दिसलं ते इतकंच: शालिग्राम ताडकन उठला, त्यानं डबा आणि चादर बगलेत घेतली, पिशवी डोक्यावर ठेवली, आणि मोकळा हात पुढं केला. काशिनाथनं तो धरला.

ओहोळाच्या मध्यावर पाणी मांडीला लागलं. डोक्यावरची पिशवी कलली. शालिग्राम थांबला, पिशवीत हात घालून त्यानं काहीतरी पांढरं बाहेर काढलं, इकडंतिकडं पाहिलं. ठेवणार कुठं? चादर भिजलेली, बगल भरलेली, दुसऱ्या हातात दाजी. सबंध समुद्रकिनाऱ्यावर कोरडी जागा एकच उरली होती. त्यानं ती पांढरी वस्तू काशिनाथच्या डोक्यावर ठेवली आणि तळव्यानं नीट दाबून बसवली.

टोपी होती. कडक, नवीकोरी, घडी न मोडलेली.

काशिनाथ पाण्याच्या मधोमध उभाच राहिला. वारा, लाटा, हजिऱ्याची धुराडी, घोड्यावरची पोरं, सगळा किनारा बघत होता. दोन वर्षांपूर्वीच्या मांडवात नव्हती एवढी माणसं. शालिग्राम काहीतरी बोलत होता, मान खाली घालून, भरभर. त्या दिवशी टोप्या एकानं कमी पडल्या होत्या. दाजींना हलकी नको, चांगलीच द्यायची म्हणून तो सायकलवर बाजारात पळाला होता. परत आला तेव्हा एसटी सुटलेली. तीच टोपी दोन वर्षं मायच्या ट्रंकेत होती. काल पिशवीत घालून आणली, पण द्यायची कशी? दाजी तर कॅलेंडरशी बोलत होते.

"मग तेव्हाच सांगायचं ना, येड्या!" हे मात्र काठावर स्पष्ट ऐकू आलं.

"सांगितलं असतं, पन तुम्ही एसटीत बसलेले!"

दोघं बाहेर आले ते कमरेपर्यंत ओले, काशिनाथची एक चप्पल समुद्राला देऊन. कोळीण टाळी देत म्हणाली, "जमाई आव्या!" काशिनाथ लाजला. शोभाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. ओले कपडे, पायात एक चप्पल, डोक्यावर सरळ बसलेली पांढरीशुभ्र टोपी. तिला तो बोहल्यावर होता त्यापेक्षा देखणा वाटला, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. तिनं फक्त हातातलं गार भजं त्याच्यापुढं केलं.

कोळिणीनं त्यांना नदीच्या मुखाशी नेलं. तिथं तापीचं पात्र असं काही रुंद झालेलं की पलीकडचा काठ परगावासारखा दिसत होता. शोभाबाईनं हळद-कुंकू वाहिलं, खण, गहू, बांगड्या सोडल्या, शेवटी नारळ. आणि हात जोडून मुखाकडे, समुद्राकडे बघत राहिली, नारळ तिकडे जाईल म्हणून.

नारळ तिकडे गेलाच नाही. जरा डुलला, फिरला, आणि उलट्या दिशेनं, शहराकडे, किल्ल्याकडे, वर वर निघाला.

"मम्मी, नदी उलटी वाहते!"

"भरती छे ने," कोळीण म्हणाली. "दरियो नदीने पाछी लई जाय. चांदो खेंचे."

शोभाबाई बघतच राहिली. सगळी तापी मागं वळली होती. सासरचा उंबरा ओलांडून, पदर सावरून, घाईघाईनं वर निघाली होती, तिचा खान्देश जिकडे आहे तिकडे. आणि तिला न्यायला कोण आला होता? चांदोबा. सगळ्या पोरांचा मामा, म्हणजे सगळ्या आयांचा भाऊ. तिच्या ओठांवर ओळी आपोआप आल्या आणि ती लाजायचं विसरून मोठ्यानंच म्हणाली:

*तापी फिरली माघारी, तिला कोन मूळ आला,*
*चांदोबा गं तिचा भाऊ, अखाजीला घेऊन गेला.*

काशिनाथ नारळाकडे बघत होता. नारळ लहान होत होत ठिपका झाला, तरी तो बघत होता. मग त्यानं टोपी उगाच नीट केली.

परतीच्या बसमध्ये बाप्या माणसांना एकाच बाकावर जागा मिळाली. काशिनाथच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय त्यानं तिच्यावरच ठेवला होता. पूजा आईच्या मांडीवर पेंगत होती. पश्चिमेला ताडांच्या वर बीजेची कोर निघाली होती, नखाएवढी, कुणाला तरी न्यायला उशीर झाल्यासारखी वाकून बघत.

चौकाजवळ काशिनाथनं घसा खाकरला. "शोभा, त्याले विचार—"

शोभाबाईनं खिडकीकडे तोंड केलं. "बसचा आवाज फार शे. ऐकू येत नही."

काशिनाथ शेजारी वळला.

"शालिग्राम, सकाळची गाडी कितीची?"

"पहाटेची, दाजी." शालिग्राम सावरून बसला. "तिकिटं... ताई, पूजा आन् मी. तीनच ना?"

काशिनाथनं डोक्यावरून टोपी काढली, आतबाहेर पाहिली, गुडघ्यावर ठेवून तिची घडी सारखी केली आणि पुन्हा घातली.

"ही टोपी काय सुरतेत लूमवर घालू?" तो म्हणाला. "कारखान्याचा मास्तर ओरडेल एक दिवस. ओरडू दे. चार काढ."

शोभाबाईनं खिडकीबाहेरच पाहत राहायचं ठरवलं होतं. पण बस पुलावर चढली, खाली अंधारात पाणी चमकलं, आणि तिला वळून भावाला विचारल्यावाचून राहवेना:

"काय रे, लिंबाचा झोका कोन्या फांदीले बांधला यंदा?"